आवाजाचा दिवा

देवरे सरांनी मला फ्रेंचमधलं पहिलं वाक्य शिकवलं ते ‘मला कळलं नाही’ हे. नमस्कार नाही, माझं नाव अमुक तमुक नाही, थेट ‘मला कळलं नाही’. हे वाक्य तोंडात बसलं की निम्मी भाषा आली, असं ते म्हणायचे. बाकीच्या निम्म्यासाठी त्यांनी माझी पुढची काही वर्षं घेतली, पण ते वाक्य मात्र मी पहिल्याच रविवारी पाठ करून घरी गेले.

त्यामागे एक गोष्ट होती आणि ती सर कुणालाही, कधीही सांगायचे. तरुणपणी ते एका कंपनीतर्फे अल्जीरियात वीजकेंद्र उभारायला गेले होते. तिथे सगळा कारभार फ्रेंचमध्ये. सटाण्याहून थेट तिकडे गेलेला मुलगा, घरी अहिराणी, कॉलेजात मराठी आणि मोडकंतोडकं इंग्रजी. तिथल्या फोरमननं काहीतरी सांगितलं, यांना कळलं नाही, पण कळलं नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मान हलवली. मग उघडायला नको होता तो व्हॉल्व्ह उघडला आणि पलीकडे उभ्या असलेल्या फिटरचा हात कोपरापर्यंत भाजला. “न कळता मान हलवली की कुणाचा तरी हात भाजतो,” असं सांगून सर स्वतःच्या हाताकडे बघत, जणू भाजलेला हात त्यांचाच होता. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की ते बघणं कधी येणार हे मला आधीच कळायचं. तरी दर वेळी मी ती शेवटपर्यंत ऐकायचे. आज ती आठवली की राग येतो.

मी त्यांना भेटले तेव्हा ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मोठ्या हुद्द्यावर होते आणि मी नाशिकरोडच्या एका सहकारी बँकेत काउंटरवर नुकतीच चिकटले होते. अंगानं भक्कम, केस मागे वळवलेले, अर्ध्या बाह्यांचा सफारी, आणि खिशात पेनाऐवजी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. दर रविवारी सकाळी ते एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सिनेमे दाखवत. सिनेमे म्हणजे फ्रेंच लघुपट आणि माहितीपट. मुंबईच्या एका परदेशी सांस्कृतिक केंद्राकडून पत्र्याच्या गोल डब्यांतून रिळं यायची, रेल्वेच्या पार्सलनं. फुकट मिळतात म्हणून फ्रेंच, असं सर उघड सांगायचे. पण त्यांचं त्या सिनेमांवर प्रेम होतं. डबा उघडला की ते आधी रिळाचा वास घ्यायचे, काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भाजी निवडताना घ्यावा तसा. चपला बाहेर काढल्याशिवाय कुणाला आत सोडायचे नाहीत. पडदा म्हणजे काकूंनी घरी स्टार्च करून इस्त्री केलेली दुहेरी चादर. तिच्यावर सुरकुती दिसली की सर सिनेमा सुरू करायचे नाहीत.

या रिळांना मराठी सोडाच, इंग्रजी अक्षरंही खाली नसायची. म्हणून सर सिनेमाच्या यंत्राशेजारी उभे राहून माइकवरून मराठीत सांगत. शब्दाला शब्द नाही. पडद्यावरचा माणूस काय म्हणतोय ते त्याच्याच सुरात, पण आपल्या घरात बसून बोलल्यासारखं. पॅरिसचा पाववाला बोलू लागला की तो नाशिकरोडच्या बिटको चौकातला वाटायचा. सांगता सांगता त्यांचा एक हात आवाजाच्या बटणावर असायचा. स्वतः बोलताना मूळ आवाज बारीक करायचे, थांबले की मोठा. “त्यांचा आवाज पण कानावर पडू दे, आपण पाहुणे आहोत त्यांच्याकडे,” म्हणायचे.

यंत्र सुरू करण्याआधी अंधारातून त्यांची हाक यायची, “बठ्ठं ठीक शे?” एरवी प्रमाण मराठी बोलणारे सर तेवढंच अहिराणीत विचारत. सगळं ठीक आहे ना, असं. रिळं चढवायचं, जोडायचं काम सरांनी लवकरच मला शिकवलं होतं, तेव्हा उत्तरही मीच द्यायचं, “शे.” मग दिवा लागायचा.

प्रेक्षकांत नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले गायधनी काका हे सर्वांत निष्ठावंत. ते पहिल्या रांगेत बसत आणि प्रत्येक सिनेमा संपला की एकच प्रश्न विचारत, “म्हणजे शेवटी झालं काय?” माहितीपटात शेवटी काही होत नसतं, हे त्यांना सरांनी कितीदा तरी समजावलं. काका मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचे.

एकदा कोळ्यांवरचा सिनेमा चालू असताना रीळ तुटलं. मी कापून चिकटवेपर्यंत लोक चुळबुळू लागले, तेव्हा सरांनी काळोखातच पुढची गोष्ट सांगायला घेतली. वादळ आलं, नाव हेलकावे खातेय, म्हातारा कोळी दोर सोडत नाही. हॉलमध्ये चिडीचूप. रीळ जोडून मी यंत्र सुरू केलं तर पडद्यावर समुद्र शांत आणि म्हातारा निवांत जाळं शिवत बसलेला. गायधनी काका वळून म्हणाले, “वादळ कुठं गेलं हो?” सर म्हणाले, “तुम्ही आहात म्हटल्यावर थांबलं.” सगळे हसले. मीही हसले.

पण पुढच्या रविवारी सिनेमा सुरू करण्याआधी सर माइक हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मागच्या वेळचं वादळ माझं होतं. त्या कोळ्याचं नव्हतं. माफी असावी.” कुणी मागितली नव्हती ती माफी. काकांना तर काय चाललंय तेच कळलं नाही. मला मात्र हा माणूस तेव्हापासून देवासारखा वाटू लागला. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण माफी मागतं?

आणखी एकदा आम्ही यंत्र जीपमध्ये घालून पेठच्या बाजूला एका डोंगरातल्या शाळेत सिनेमा दाखवायला गेलो. फ्रान्समधल्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांचा माहितीपट होता. गावातली माणसं जमिनीवर बसून बघत होती. शेतातले दगड वेचणारी बाई दिसली तशी पुढची एक आजी मोठ्यानं म्हणाली, “त्यांच्या रानात बी दगडंच हायेत की.” पलीकडून कुणी म्हणालं, “पर थंडी लय दिसते.” मग पडद्यावर एक म्हातारा मेंढपाळ आला आणि भराभर काहीतरी बोलू लागला. सर गप्प. लोक त्यांच्याकडे बघू लागले. आजी म्हणाली, “काय म्हनतोय तो?”

सर म्हणाले, “आजी, हा त्याच्या गावच्या बोलीत बोलतोय. मला कळत नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा मी गप्प बसतो.”

“बरं,” आजी म्हणाली. “मंग त्याचं त्वांडच बघू.” आणि सगळं गाव तो म्हातारा बोलून संपेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसलं. परतताना घाटात सर म्हणाले की आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ आज झाला. मी या माणसावर विश्वास का ठेवला, असं मला कुणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगते.

रविवारी सिनेमाच्या आधी मी त्यांच्या घरी शिकायला जायचे. काकू कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवत आणि सर ताटातल्या प्रत्येक वस्तूचं नाव विचारत. ठेच्याला फ्रेंचमध्ये शब्द नाही हे कळल्यावर काकूंना त्या लोकांची कीव आली होती. “शैला, एवढं शिकून करणार काय तू?” त्या विचारायच्या. मला माहीत नव्हतं. माझे बाबा पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसवर सुपरवायझर, मला एक बरी नोकरी, लग्नाचं बघणं सुरू. फ्रेंच हा त्यात कुठेच न बसणारा तुकडा होता आणि म्हणूनच मला तो प्यारा होता.

आणि मग करण्यासारखं काहीतरी आलं. मुंबईच्या केंद्रातल्या सिनेमा विभागाच्या बाई एकदा आमचं हे रविवारचं सिनेमा मंडळ बघायला आल्या होत्या. मी तुटलेली रिळं कशी जोडते, ते त्यांनी उभं राहून बघितलं. काही महिन्यांनी त्यांनी निरोप पाठवला. फ्रान्समधल्या एका गावात जुनी रिळं जपण्याचं, दुरुस्त करण्याचं वर्षभराचं शिक्षण होतं. जाणं-येणं, राहणं सगळं ते बघणार होते. पुढे तिथेच काम मिळण्याची शक्यता होती. हो म्हणायला महिना होता.

घरून विरोध होईल असं वाटलं होतं. बाबा ऐकून म्हणाले, “जायचं तर जा. फक्त द्राक्षाचा हंगाम संपल्यावर जा, म्हणजे सोडायला येता येईल.” आई रडली, पण तिनं दुसऱ्या दिवशी मावशीकडे लोकरीच्या स्वेटरची चौकशी केली. अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून मग मलाच भीती वाटायला लागली. आधी कधी मी मुंबईपलीकडे गेले नव्हते. तिथे कुणाशी बोलणार, आजारी पडले तर काय, परत आल्यावर कोण विचारणार. रात्ररात्र हेच. शेवटी सरांकडे गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे तूच ठरवायचं. मी जा म्हणणार नाही, थांब म्हणणार नाही. पण रविवारी एक पिक्चर लावतो. अशाच एका मुलीचं आहे. ते बघ आणि ठरव.”

मला केवढा आधार वाटला. रविवारी मी रीळ चढवायला गेले तर म्हणाले, “आज तू समोर बस. नीट बघता आलं पाहिजे तुला. यंत्राचं मी बघतो.” त्या दिवशी ‘बठ्ठं ठीक शे’ची हाक आली नाही. सर म्हणाले, “आवाजाचा दिवा गेलाय. आज नुसतं चित्र, आणि मी.”

हे जरा सांगायला हवं. त्या यंत्रात चित्राचा मोठा दिवा असतो आणि आवाजासाठी एक वेगळा, बोटाच्या पेरभर दिवा. तो गेला की चित्र दिसतं, पण आवाज येत नाही. अधूनमधून जायचा तो, म्हणून कुणालाच काही वाटलं नाही.

सिनेमा एका डोंगरातल्या मुलीचा होता. ती शहरात कारखान्यात कामाला जाते आणि काही वर्षांनी कॅमेरावाला तिला पुन्हा भेटायला जातो. पहिल्या भागात घर, मेंढ्या, आईनं बांधून दिलेली शिदोरी, वळणावरून दिसेनाशी होणारी बस. दुसऱ्या भागात शहरातली एक खोली, खिडकीत कुंडी, आणि ती मुलगी हात पुसत कॅमेऱ्याशी बोलतेय. मधूनच हसतेय. सर सांगत होते, आणि सरांनी इतकं सुंदर कधीच सांगितलं नव्हतं.

“ती म्हणतेय, इथं सगळं आहे. फक्त मला हाक मारणारं कुणी नाही. महिनोन्महिने माझं नाव कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. परत जावं तर तिकडेही आता मी पाहुणी. त्या दिवशी बस चुकली असती तर बरं झालं असतं.” मुलगी हसली. सर म्हणाले, “हसतेय. हसणारी माणसं नीट बघा.”

गायधनी काकांनी त्या दिवशी शेवटी काय झालं ते विचारलं नाही. ते डोळे पुसत होते. मी सोमवारी मुंबईला नकार कळवला.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काकूंनी शिरा केला. पुढच्या रविवारी आवाज नीट येत होता. मी विचारलंसुद्धा नाही.

मंडळ त्यानंतर फार टिकलं नाही. केबल आली, गायधनी काका मुलाकडे पुण्याला गेले, वाचनालयानं हॉल क्लासवाल्यांना दिला. सर निवृत्त होऊन जेलरोडला फ्लॅटमध्ये राहायला गेले. मी बँकेतच राहिले. लग्न झालं, चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. फ्रेंच सोडलं नाही, एवढंच. नाशिकच्या आसपास वाइनरी निघाल्या तसे फ्रान्समधले जाणकार येऊ लागले, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून मळ्यांतून हिंडायचे. लोक विचारायचे कुठं शिकलात, तर मी अभिमानानं देवरे सरांचं नाव सांगायचे.

त्याच सुमाराला मुंबईच्या केंद्रानं त्यांचे जुने लघुपट डीव्हीडीवर काढले. मी संच मागवला. आठवणींसाठी मागवला, दुसरं काय. दुपारी घरात कुणी नव्हतं. आधी तो कोळी बघितला, त्याच्या शांत समुद्रासकट, आणि एकटीच हसले. मग ती मुलगी लावली.

आता आवाज होता. मला कळतही होतं. तीच खोली, तीच कुंडी, ती हात पुसतेय आणि म्हणतेय, “पहिल्या हिवाळ्यात मी रोज रडायचे. मग एक दिवस रडायचं राहून गेलं. आता आई इकडे येते ना, तर तीच परत जायचं नाव काढत नाही.” आणि हसते. खरंच हसते. त्या हसण्यात नीट बघण्यासारखं दुसरं काहीही नाही.

मी पुन्हा लावलं. मला वाटलं, मला कळलं नसेल. सरांनी शिकवलेलं पहिलं वाक्य मी त्या दिवशी टीव्हीसमोर बसून किती वेळा म्हटलं असेन. पण कळलं होतं. बोली नव्हती, अवघड शब्द नव्हता. पाचवीतल्या पोराला कळेल असं बोलत होती ती.

मग मी माळ्यावरून बिस्किटांचा जुना डबा काढला. मंडळाचे सुटे भाग माझ्याकडे असायचे, शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिले. आवाजाचे सुटे दिवे फक्त त्याच डब्यात होते, नाशिकमध्ये ते मिळतच नव्हते. एक दिवा गेला की मी यातला काढून द्यायचे. त्या रविवारनंतर मी कुणालाही दिवा काढून दिला नव्हता. ते कापसात तसेच होते. म्हणजे दिवा गेलाच नव्हता. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी माळ्याच्या शिडीवर कळलं.

जेलरोडला गेले. काकूंनी पाणी दिलं आणि माझा चेहरा बघून त्या आत गेल्या. सर खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, “ती डोंगरातली मुलगी बघितली मी. आवाजासकट.”

कोणती मुलगी, असं त्यांनी विचारलं नाही. तेवढा मान त्यांनी ठेवला.

“मंडळ बंद पडलं असतं गं,” ते म्हणाले. “तुझ्याशिवाय रिळं कोण जोडणार होतं?”

“मग तसं म्हणायचं. थांब म्हणायचं.”

“थांब म्हटलं असतं तर थांबली असतीस?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “ते मी ठरवणार होते.”

“तुला भीती वाटतच होती, शैला.”

“भीती माझी होती सर. तिच्या तोंडी घालायची नव्हती.”

ते स्वतःच्या हाताकडे बघू लागले, तसंच, अल्जीरियाची गोष्ट संपताना बघायचे तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठले. दारापर्यंत गेले तर मागून म्हणाले, “पण आता सगळं कळतं ना तुला? मीच शिकवलं ना?” खरं होतं ते. त्यांचं खोटं मला ज्या भाषेनं पकडता आलं ती त्यांनीच दिलेली, आणि म्हणून धड शिव्याही देता येईनात. मी चप्पल घालून खाली उतरले.

नंतर काकू गेल्या. मी भेटायला गेले, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. सरांच्या डोळ्यांचा काचबिंदू वाढला होता. लोकांच्या आवाजाकडे ते मान वळवत, पण जरा चुकीच्या बाजूला.

त्यांना शेवटचं बघितलं ते एका कॉलेजच्या सभागृहात. तिथे फ्रेंच लघुपटांचा दिवसभराचा महोत्सव होता, खाली मराठी अक्षरं वगैरे सगळं. मी थोडी उशिरा पोचले. संयोजकांपैकी एक मुलगी मला बघून धावत आली. “मॅडम, पहिल्या रांगेत एक आजोबा आहेत. त्यांना फ्रेंच कळतं, पण दिसत नाही. पडद्यावर काय चाललंय ते सांगायला कुणीतरी हवंय. बसाल का जरा?”

मी लांबूनच ओळखलं. तोच सफारी, आता ढगळ झालेला. नाही म्हणता आलं असतं. का म्हटलं नाही, माहीत नाही. जाऊन शेजारी बसले.

“कोण?” सरांनी विचारलं.

“शैला.”

दिवे मालवले तसं सर हळूच म्हणाले, “बठ्ठं ठीक शे?”

“सुरू होतंय,” मी म्हटलं.

एका म्हाताऱ्या सुताराची फिल्म होती. मी सांगत गेले. रंधा मारतोय. खिडकीतून ऊन आलंय. आता कवाड बंद करून स्वयंपाकघरात गेला. सर कान देऊन ऐकत होते, पडद्याकडचं आणि माझ्याकडचं. मग पडद्यावर थाळ्या ठेवल्याचा आवाज आला, एक, आणि पाठोपाठ दुसरी. सरांचा चेहरा एकदम उजळला. माझ्याकडे वळून, जरा चुकीच्या बाजूला, ते म्हणाले, “दोन थाळ्या ठेवल्या ना? दुसरं कोण आहे?”

मी बघितलं. टेबलावर दोन थाळ्या होत्या. दुसऱ्या थाळीसमोरच्या खुर्चीवर एका बाईचा स्वेटर लटकवलेला होता. बाकी कुणी नव्हतं. म्हातारा बसला आणि त्यानं पाव तोडला. खाली एकही अक्षर उमटलं नाही, कारण कुणी काही बोलत नव्हतं. बायको आहे, असं मी म्हटलं असतं तर सरांना कधीच कळलं नसतं. किती सोपं आहे ते, हे मला तेव्हा समजलं.

“कुणी नाही,” मी म्हटलं. “समोरची खुर्ची रिकामी आहे.”

“नीट बघितलंस?”

“नीट बघितलं सर.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज येत राहिला.

“आता काय करतोय?”

“जेवतोय,” मी म्हटलं. “एकटाच.”